मधले अठरा सेकंद

कॉमाची अक्कलदाढ सुजली नसती, तर ती फाइल तिच्या टेबलावर आलीच नसती. कॉमा म्हणजे समोरच्या टेबलावरचा तिचा सहकारी. स्वल्पविराम चुकलेलं पत्र दाराबाहेर जाऊ द्यायचं नाही हे त्याचं व्रत, म्हणून सगळं ऑफिस त्याला कॉमा म्हणायचं आणि तोही बिनतक्रार ओ द्यायचा. नऊ वर्षं त्या दोघांत एक न बोललेला करार होता. ‘उलटी किल्ली’ या गाण्याची फाइल आली की ती न उघडताच दोन बोटांनी समोर सरकवायची, “हे तुझं,” म्हणायची आणि चहाला उठायची. का, असं त्याने कधी विचारलं नाही. आज तो दाताच्या डॉक्टरकडे आ वासून पडलेला, आणि मॅडमनी फाइल आणून थेट तिच्या कीबोर्डवर ठेवली. “पाचपर्यंत हो की नाही ते कळवायचंय,” मॅडम म्हणाल्या. “ते व्हिडिओवाले थांबणार नाहीत, दुसरं गाणं घालून मोकळे होतील. चौघांची संमती आलीय. राहिला तो पाचवा, नेहमीचा न सापडणारा. बघ काही होतंय का, नाहीतर नकार कळव.” ती बरं म्हणाली. फाइल उघडली. पहिल्याच पानावर, गाणं ज्यांनी लिहिलं त्यांच्या यादीत, पाचव्या ओळीत तिला स्वतःचं नाव दिसलं. आधार कार्डावर, पगारपत्रकावर असतं ते नव्हे. मुंगी. पुढे पत्ता: तो जुना रस्ता, तिसरा मजला, गच्चीखालची खोली. हे नाव जगात चार माणसांना माहीत होतं आणि त्यांतला एक आता राहिला नव्हता.

तिने फाइल मिटली. पुन्हा उघडली. नाव तिथेच होतं. कानशिलं तापली, आणि भलत्याच वेळी, भर ऑफिसात, तिला हसू फुटलं. पलीकडच्या टायपिस्ट बाईंनी वळून पाहिलं तेव्हा तिने खोकल्याचं निमित्त केलं. तिचं काम सांगायला सोपं आणि करायला किचकट. कुणीतरी व्हिडिओ बनवतो, त्यात त्याला जुनं गाजलेलं रॉक गाणं घालावंसं वाटतं. तसंच दडपून घातलं तर दुसऱ्या दिवशी व्हिडिओचा आवाज बंद केला जातो आणि माणसं नुसती तोंडं हलवत राहतात. तसं होऊ नये म्हणून आधी परवानगी आणायची. तीही एक नाही, दोन. एक गाण्याची, म्हणजे शब्द आणि चाल ज्यांची त्यांची. दुसरी रेकॉर्डिंगची, म्हणजे ज्या कंपनीने ते रेकॉर्ड करून विकलं तिची. गाणं वेगळं आणि रेकॉर्डिंग वेगळं, हे ती रोज चार लोकांना फोनवर समजावायची, इतक्या वेळा की झोपेत विचारलं असतं तरी घडाघडा बोलली असती. आणि लिहिणाऱ्यांपैकी एकाने जरी मान हलवली नाही तरी सगळं घोडं तिथेच अडायचं. ‘उलटी किल्ली’चं घोडं नऊ वर्षं अडलेलं होतं. अकरा जणांनी ते मागितलं, अकराही जणांना नकार गेला, कारण पाचवा सापडत नाही. कॉमाने त्या पाचव्याचा काय पिच्छा पुरवला होता. बाकीच्या चौघांना विचारलं, तर त्यांच्याकडून पाचव्याबद्दल एक शब्द आला नाही. जुन्या पत्त्यावर पत्रांवर पत्रं धाडली, ती परत आली की तारखा टाकून फाइलला लावली. त्या पत्राचा मजकूर कुणी बांधून दिला होता? तिने. ‘आपल्या संमतीवाचून आम्हाला पुढे जाता येत नाही’ हे वाक्य तिचं. तेव्हा तिने विचारलंसुद्धा नव्हतं की हा पाचवा कोण, कारण आपल्याला ते माहीत आहे असं ती धरून चालली होती. ती बँडमधून गेल्यावर तिच्या जागी बास गिटार वाजवायला कुणीतरी आला असणारच, तोच हा. तो सापडत नाही याचं तिला आतून थोडं बरंही वाटायचं. परत आलेलं पाकीट कॉमाच्या टेबलावर पालथं पडलेलं लांबून दिसलं की त्या दिवशी चहा जरा गोड लागायचा. आणि आता कळत होतं की ती बावीस पाकिटं तिचीच होती, तिच्या नाकासमोरून, तीन हातांवरून येत-जात होती.

गादीच्या दुकानामागे एक खोली होती, तिथे ते पाच जण वाजवायचे. भिंतींना गाद्या उभ्या लावलेल्या, त्यामुळे आवाज बाहेर जायचा नाही आणि कापूस मात्र सगळ्यांच्या केसांत जायचा. गाणारा, ढोल बडवणारा, कीबोर्डवाला, गिटारवर दादा, म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ, आणि बासवर ती, बावीस वर्षांची. खऱ्या नावाने हाक मारायची नाही असा तिथला कायदा होता. दादाला वायर म्हणायचे. तिची बोटं तारांवर सरसर चालायची म्हणून ती मुंगी. दुसराही एक कायदा होता. गाणं तयार झालं की वाटणीचा कागद करायचा, आणि त्या वेळी खोलीत जो जो असेल त्या प्रत्येकाचं नाव त्यावर लिहायचं. कुणी किती केलं याची चर्चा नाही, कारण तशा चर्चेने चांगले चांगले बँड फुटतात, असं गाणाऱ्याचं मत. खोलीत असलास तर तू लिहिणारा. इतका साधा हिशेब. आणि कागदावर लिहायचीसुद्धा टोपणनावंच, कारण वीस-बावीसच्या वयात कायद्याचा कागदही गंमतच वाटतो. बाकीच्यांनी पुढे कधीतरी अर्ज करून तिथे आपली खरी नावं घालून घेतली. मुंगी तेवढी मुंगीच राहिली.

तो मधला तुकडा कसा झाला ते तिला आठवतं, आणि आठवतं यावर तिचा विश्वास नाही, ही खरी अडचण. एका दुपारी बाकीचे चहाला खाली गेले असताना ती बोटं मोकळी करत होती. खालच्या दोन तारांवर काहीतरी चालत गेलं, वळलं, पाचव्या सुरापाशी जरा अडखळलं, कारण तिची करंगळी आखूड, आणि मग घरी आल्यासारखं पहिल्या सुरावर येऊन बसलं. ती तेच पुन्हापुन्हा वाजवत राहिली. दारात चौघे उभे होते, कपबश्या हातात. ढोलवाला म्हणाला, “परत.” तिने परत वाजवलं. “यात आपण कुणीच वाजवायचं नाही,” गाणारा म्हणाला, “सगळे थांबायचं. ही एकटीच.” हे तिला लख्ख आठवतं. पण त्याच दिवशी सकाळी जिना उतरताना दादा काहीतरी गुणगुणत होता, हेही आठवतं. काय गुणगुणत होता? तेच का? एकतीस वर्षं तिने या एका जिन्यावरून किती चकरा मारल्या असतील त्याला गणती नाही. कारण पुढे आठ दिवसांत बाबा एका अंगाने लुळे पडले. रेकॉर्डिंगची तारीख ठरलेली, पुढे ढकलता येत नव्हती. “तू थांब बाबांपाशी,” दादा म्हणाला, “मी जाऊन येतो.” तो जाऊन आला. गाणं गाजलं. दुकानांतून, गाड्यांतून, शेजारच्या खिडकीतून ते वाजायला लागलं, आणि ती रस्ता ओलांडून पलीकडे जायला शिकली. दादा कॅसेट घेऊन घरी आला त्या दिवशी तिने खोलीचं दार लावून घेतलं आणि आतून सांगितलं की या घरात ते लावायचं नाही. माझं घेतलं, मला विचारलंही नाही. एवढ्या दोन वाक्यांवर तिने अख्खं आयुष्य काढलं होतं म्हटलं तरी चालेल. लोकांच्या हक्कांसाठी भांडण्याच्या या नोकरीतही ती उगाच नव्हती आली. दादाशी बोलणं उरलं ते आईच्या गोळ्यांपुरतं, गळक्या नळापुरतं.

आणि यादीमागे लावलेल्या वाटणीच्या मूळ कागदावर त्याच दादाच्या अक्षरात तिचं नाव लिहिलेलं होतं. मुंगीतल्या ‘ग’ला तो नेहमी नको इतका लांब पाय काढायचा. तिने बोट ठेवून पाहिलं. मग नजर खाली तारखेवर गेली आणि ती खुर्चीतून उठलीच. चौदा तारीख, गुरुवार. चौदाला ती गादीच्या दुकानामागे नव्हती. चौदाला ती हॉस्पिटलमध्ये बाबांच्या उशाशी होती, त्या दिवशी बाबा पहिल्यांदा पाणी गिळू शकले होते, ती तारीख ती मेल्यावरसुद्धा विसरणार नाही. म्हणजे खोलीत नव्हती. म्हणजे त्यांच्या कायद्याने तिचं नाव कागदावर यायचं काही कारण नव्हतं, आणि तरी ते आलं होतं. जिना चढून, जिना उतरून, पुन्हा चढून ती विचार करत राहिली. पाय जमिनीवर ठरत नव्हते. खालच्या टायरच्या दुकानातला माणूस तिला तिसऱ्यांदा येताना पाहून म्हणाला, “काही हरवलंय का?” “सापडलंय,” ती म्हणाली आणि पुन्हा वर गेली. सापडलं होतं, पण काय, ते कळत नव्हतं. दादाने ते नाव का घातलं? चाल तिची आहे हे त्याला माहीत होतं म्हणून, की धाकटी बहीण घरी अडकली, बिचारी, म्हणून? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक होता. दयेने घातलं असेल, तिने मनाशी ठरवून टाकलं, तर ती हो म्हणणार नाही. मग व्हिडिओवाले दुसरं गाणं घालोत, बाकीच्या चौघांचं काय व्हायचं ते होवो. हा शुद्ध आडमुठेपणा आहे हे तिला कळत होतं. कळून उपयोग नव्हता. दुसऱ्याच्या चालीखाली सही करणारा माणूस तिने वीस वर्षं या टेबलावरून हाकलून दिला होता, आता स्वतः तोच माणूस व्हायचं?

फाइलमध्ये व्हिडिओवाल्यांचं पत्र होतं. पोहण्याच्या तलावावर साठीनंतर पोहायला शिकणाऱ्या बायकांवर सहा मिनिटांची फिल्म. त्यात एक बाई कठड्याला दोन महिने धरून आहेत, आणि एका सकाळी तो सोडतात. ‘आम्हाला धृपद नको,’ असं पत्रात लिहिलं होतं, ‘फक्त मधले अठरा सेकंद हवेत, जिथे सगळे थांबतात आणि एकटा बास वाजतो.’ तिने ते वाक्य तीनदा वाचलं. वीस वर्षांच्या नोकरीत लोकांनी धृपदच मागितलं होतं. धृपदासाठी रडले, धृपदासाठी भांडले. मधलं कुणी मागितलं नव्हतं. आनंदाच्या नुसत्या उकळ्या फुटत होत्या, आणि त्या दाबून धरायच्या म्हणून तिने दुपारच्या सुट्टीत कागदपत्रांच्या खोलीत जाऊन, दार लोटून, कानांना हेडफोन लावले आणि एकतीस वर्षांनी ते गाणं स्वतःच्या हाताने सुरू केलं. गाणाऱ्याचा आवाज आला, तरुण, गुर्मीत. तो आता नव्हता, त्याच्या बायकोने संमती दिली होती. ढोल आले. दादाची गिटार आली. मग सगळे थांबले. परक्या हाताची ती वाट पाहत होती. बास चालत गेला, वळला, आणि पाचव्या सुरापाशी अडखळला. तिने थांबवलं. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. अडखळला. ज्याची करंगळी धड आहे त्याने तिथे अडखळायचं काही कारण नव्हतं. ज्याने कुणी वाजवलं त्याने तिची आखूड करंगळी वाजवली होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्याच वेळी ती हसतही होती. कपाटाला टेकून तिने ते सात वेळा ऐकलं. पण पुरावा म्हणाल तर हा पुरावा नव्हे, असं तिच्यातली परवानगीवाली बाई तेवढ्यातही बजावत होती. वाजवणारा सहजही अडखळू शकतो.

तिने दादाला फोन लावला.

“काय झालं आईला?” त्याने उचलताउचलताच विचारलं.

“आई ठणठणीत आहे. एक विचारायचंय. ‘उलटी किल्ली’च्या वाटणीच्या कागदावर माझं नाव तू लिहिलंस?”

पलीकडे लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. गिटार केव्हाच सुटली, पण उंचावर लोंबकळायची हौस तेवढी राहिली, असं आई म्हणते.

“अगं, मी सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये आहे. आत एक बाई अडकल्यात. त्यांना काढू का तुला उत्तर देऊ?”

“काढता काढता दे.”

तो हसला. दादा हसल्याचं तिने किती दिवसांनी ऐकलं ते तिला सांगता आलं नसतं. “लिहिलं. मग?”

“मी त्या दिवशी नव्हते तिथे.”

“नव्हतीस.”

“मग का? बाबांपाशी मला ठेवून गेलास म्हणून? वाईट वाटलं म्हणून?”

लांबून एका बाईचा वैतागलेला आवाज, “अहो, अजून किती वेळ?” आणि दादाचा, “दोनच मिनिटं हं ताई, घाबरू नका.” मग तो फोनमध्ये म्हणाला, “मला असं नाही सांगता येत गं. कधीच नाही आलं. कॅसेट आणली त्या दिवशी तुझ्या दाराबाहेर उभा राहून राहून शेवटी गेलोच ना मी. तुला काय हवंय ते सांग.”

“एक कागद हवाय. मुंगी म्हणजे मीच, असं यादीतल्या कुणीतरी सही करून सांगायला लागतं. पाचच्या आत.”

“पाठव. भरतो,” तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

तिने कागद पाठवला आणि घड्याळासमोर बसली. तीन वाजता कॉमा आला. गाल फुगलेला, तोंडात कापूस, रजा टाकून घरी जायचं सोडून ऑफिसात, कारण आज पाचची मुदत आहे हे त्याला माहीत होतं.

“मुंगी सापडली,” ती म्हणाली.

त्याने कापूस काढला. “कुठे?”

“तुझ्या समोरच्या खुर्चीवर.”

त्याने आधी तिच्या मागे पाहिलं, तिथे कुणी उभं आहे का म्हणून. मग तिच्याकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून सावकाश बसला. “बावीस पत्रं,” तो म्हणाला.

“छान लिहिली होतीस, असं ऐकते.”

“मजकूर तुझा होता,” तो म्हणाला, आणि दोघंही असे काही हसत सुटले की त्याने कळवळून गाल धरला. पण कॉमा तो कॉमा. डोळे पुसून त्याने फाइल आपल्याकडे ओढली. “आता हे तू बघायचं नाहीस. स्वतःची फाइल स्वतः नाही तपासता येत. ओळख पटवणारा कोण?”

“दादा.”

“भाऊ चालतो. पण फॉर्म नीट भरलेला हवा,” तो म्हणाला. आणि ते तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्या फॉर्मच्या शेवटी एक रकाना असतो, ‘अर्जदाराशी नातं’. लोक तिथे पत्नी लिहितात, पुतण्या लिहितात, कुणी पानभर कहाणी लिहितात, आणि मग कॉमा तो फॉर्म परत पाठवतो. दादा भाऊ लिहील. दुसरं काय लिहिणार? भाऊच आहे तो. त्यात खोटं काही नाही आणि तिला हवं ते उत्तरही त्यात नाही. भावाने बहिणीचं नाव घातलं, एवढंच त्यातून सिद्ध होईल, आणि तेवढ्यावर ती सही करणार नव्हती. साडेतीन झाले. चार झाले. बाई सुटल्या का लिफ्टमधून? मॅडम दोनदा डोकावून गेल्या. ती बोटांनी टेबलाच्या कडेवर तोच तुकडा वाजवत होती, हे तिला कॉमाने तिकडे पाहिल्यावर कळलं. त्याने नजर पुन्हा कागदांत घातली. सुटी बोटं, आखूड करंगळी, पाचव्यापाशी अडखळणं, सगळं जसंच्या तसं होतं. एकतीस वर्षं हात लावला नव्हता तरी हातातून गेलं नव्हतं.

चार वाजून वीस मिनिटांनी फॉर्म आला. लिफ्टच्या दारावर धरून फोटो काढलेला, एका कोपऱ्यात ग्रीसचा काळा अंगठा. कॉमाने तो छापून घेतला, पेन्सिल हातात घेतली आणि एकेक रकाना पुटपुटत तपासू लागला. “नाव, बरोबर. गाणं, बरोबर. तारीख, सही, बरोबर. अर्जदाराशी नातं,” आणि तिथे तो थांबला. पेन्सिल कागदावर टेकली होती, ती त्याने उचलली. ती टेबलाला धरून उभी होती. तिला वाटलं, गेलं, काहीतरी भलतंच लिहून ठेवलंय, आता फॉर्म परत आणि वेळ संपली.

“भाऊ नाही लिहिलंय,” कॉमा म्हणाला आणि त्याने कागद तिच्याकडे फिरवला. लांब पायाच्या त्या अक्षरात, रकान्याच्या बाहेर थोडंसं जात, दादाने लिहिलं होतं: ‘हिच्या गाण्यात मी गिटार वाजवली.’

तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं. जिन्यावरून दादा काय गुणगुणत उतरत होता ते आता काहीही असो. कॉमाने शिक्का मारला, फाइल तिच्या स्क्रीनवर उघडून दिली आणि संमतीच्या पानाशी आणून तो बाजूला झाला, पाठ फिरवून खिडकीशी जाऊन उभा राहिला. पाचव्या ओळीत आता तिचं नाव आलं होतं, कागदोपत्री असतं ते, पुरं. त्यापुढे दोन चौकटी होत्या. तिने माउस हातात घेतला आणि ‘हो’ची चौकट टिचकावली.